मानकरी आणि सेवेकरी : गावच्या यात्रोत्सव कमिटीला खुले पत्र

प्रति,
श्री महालक्ष्मी यात्रोत्सव कमिटी, देवस्थान पंच कमिटी आणि समस्त हक्कदार मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, खानापुरात, हुक्केरी-चिकोडीकडे जिथे जिथे लक्ष्मीची जत्रा भरते, तिथल्या कुणाला हे पत्र आपल्याच गावाला लिहिलंय असं वाटलं, तर तसंच वाटू दे.

मागच्या रविवारी देवळात झालेल्या बैठकीचा ठराव आणि जत्रेच्या पत्रिकेचा कच्चा मसुदा पुतण्याने मला मोबाइलवर दाखवला. मसुद्यात दोन रकाने आहेत. डावीकडे ‘मानकरी’, उजवीकडे ‘सेवेकरी’. डावीकडे प्रत्येकाचं पूर्ण नाव आहे, आडनाव आहे, नावाआधी ‘श्रीमान’ आहे. उजवीकडे नावंच नाहीत. परीट : पायघड्या. न्हावी : दिवट्या. कुंभार : मडकी व पणत्या. सुतार : रथाचं काम. मातंग : वाजप. माणसांच्या जागी जाती लिहिल्या आहेत आणि जातींपुढे कामं.

खाली ठराव आहे. ज्या घरांकडे परंपरेने जी सेवा आहे ती त्यांनी जत्रेचे नऊही दिवस विनामोबदला द्यावी. न देणाऱ्या घराला पाच हजार रुपये दंड. आणि दंड भरेपर्यंत त्या घराची ओटी देवीला चढणार नाही.

मी ही पत्रिका तीनदा वाचली. मग चष्मा काढून ठेवला आणि आप्पांचा विचार करत बसले.

माझे आप्पा या गावचे परीट होते. मागच्या जत्रेत रथापुढे पायघड्या त्यांनी घातल्या. तेव्हा त्यांचं वय सत्तरीच्या पुढचं होतं. देवळापासून गदग्यापर्यंत, म्हणजे जत्रेत देवीला बसवतात त्या जागेपर्यंत, एक चादर अंथरायची, रथ तिच्यावरून पुढे सरकला की मागची उचलायची, धावत पुढे जायचं, पुन्हा अंथरायची. दोन्ही बाजूंनी भंडारा उधळला जात होता. रथ ओढणाऱ्या पोरांच्या पायात येऊन ते दोनदा पडले. मी तेव्हा शाळेत शिक्षिका होते, गर्दीत इतर बायकांबरोबर ओटीचं ताट घेऊन उभी होते. पुढे जाऊन त्यांना उठवावं असं मला वाटलं, आणि मी गेले नाही, कारण आजूबाजूला माझ्या विद्यार्थ्यांचे पालक होते. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

जत्रा संपल्यावर त्या सगळ्या चादरी आमच्या अंगणात येऊन पडल्या. ज्यांनी कधी कपडे धुतले नाहीत त्यांना माहीत नसेल म्हणून सांगते : भंडाऱ्याचा डाग साबणाने जात नाही. पिवळ्या हळदीला साबण किंवा सोडा लागला की ती लाल होते. तो डाग उन्हातच उडतो. ओलं कापड उन्हात टाकायचं, वाळलं की पुन्हा पाणी मारायचं, पुन्हा टाकायचं. आईने आणि माझ्या वहिनीने मार्कंडेय नदीवर नेऊन त्या चादरी धुतल्या आणि चार दिवस त्यांच्यामागे फिरत राहिल्या. तो खर्च कुणाच्या वहीत नाही. जत्रेचा हिशेब देवळाच्या भिंतीवर लावला होता, त्यात मांडववाल्याचे पैसे होते, विजेच्या रोषणाईचे होते, बाहेरून आणलेल्या बँडचे होते. पायघड्यांच्या धुण्याची ओळ नव्हती, कारण ती ‘सेवा’.

या सेवा शब्दावरच मला बोलायचंय.

आपल्या लेकरांना शाळेत चार वर्ण शिकवताना मी नेहमी अडखळायचे. पुस्तकात एक ओळ असायची : शूद्रांचे काम सेवा करणे. वर्गातल्या पोरांना ती ओळ साधी वाटायची. मला माहीत होतं की ती कुठून आली. ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या मुखाशी ब्राह्मण, बाहूंशी राजन्य, मांड्यांशी वैश्य आणि पायांपासून शूद्र, अशी कल्पना आहे. मनुस्मृतीने तिचा नियम केला. पहिल्या अध्यायाच्या ९१ व्या श्लोकात म्हटलंय की प्रभूने शूद्राला एकच कर्म नेमून दिलं : वरच्या तिन्ही वर्णांची शुश्रूषा, ‘अनसूयया’. म्हणजे मनात असूया न ठेवता, कुरकुर न करता. दहाव्या अध्यायात पुढचं पाऊल आहे : ऐपत असली तरी शूद्राने धन साठवू नये. आणि मुलाचं नाव ठेवताना शूद्राचं नाव तुच्छता दाखवणारं असावं, असंही त्याच ग्रंथात दुसऱ्या अध्यायात आहे.

काम करायचं, मोबदला मागायचा नाही, नावाला मान नाही, आणि वर तोंडातून शब्द काढायचा नाही. तुमच्या ठरावाशी हे ताडून पाहा. विनामोबदला आहे. उजव्या रकान्यात नावं नाहीत. आणि तक्रार केली तर दंड आहे. तुमच्यापैकी एकानेही मनुस्मृती उघडून हा ठराव लिहिलेला नाही, याची मला खात्री आहे. तिची गरजच पडली नाही, हेच मला जास्त लागलं. इतकं ते आपल्या अंगात मुरलंय.

आता दुसरी गोष्ट. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ती आवडणार नाही, पण मी ती रागाने लिहीत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ ला कर्नाटक सरकारचा सामाजिक-शैक्षणिक सर्वे सुरू झाला. माझी सूनबाई शिक्षिका आहे, तिलाही ती ड्यूटी होती. मोबाइलवर साठ प्रश्न, दारावरचे स्टिकर, न लागणारी रेंज, रात्री नऊपर्यंत घरोघर. कुणाच्या घरी काय लिहिलं गेलं ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ते गुपितच राहायला हवं. पण गावात काय पुकारलं जात होतं ते तर सगळ्यांनी ऐकलं. कमिटीतल्याच मंडळींनी गल्ल्यागल्ल्यांतून सांगितलं : धर्म हिंदू, जात मराठा, पोटजात कुणबी, मातृभाषा मराठी. कारणही सांगितलं. मराठा समाज आज कर्नाटकातल्या मागासवर्गीय आरक्षणाच्या थ्री-बी गटात आहे, त्याला जास्त सवलतीच्या टू-ए गटात यायचंय.

या मागणीला माझा विरोध नाही. दोन एकर कोरडवाहूवर चार पोरं शिकवणाऱ्या मराठ्याचं दुःख मी वर्गात पाहिलंय. फी भरायला नसायची म्हणून दहावीनंतर बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला लागलेली पोरं माझ्याच हाताखालून गेली. त्यांना सवलत मिळाली तर मला आनंदच होईल. पण टू-ए मध्ये कोण आहे, हे एकदा पाहा. परीट म्हणजे मडिवाळ तिथे आहे. न्हावी तिथे आहे. कुंभार तिथे आहे. सुतार-लोहार तिथे आहेत. बंगळुरात तुम्ही आमच्या पंगतीत बसायला जागा मागताय, आणि गावच्या पंगतीत आम्ही सगळ्यांचं जेवण उरकल्यावर बसायचं. सरकारसमोर कुणबी, आणि देवीसमोर हक्कदार सरकार. या दोन गोष्टी एका गावात, एका वर्षात, त्याच माणसांच्या तोंडून आल्या आहेत.

कुणबी हा शब्द लाजेचा नाही. तुकोबांनी देवाचे आभार मानलेत कुणबी केलंस म्हणून. ‘याति शूद्र वैश्य केला वेवसाव’ असं ते स्वतःच सांगतात, मान खाली न घालता. दर वर्षी आपल्या गावात पारायण होतं, टाळ घेऊन पहिल्या रांगेत तुम्हीच असता. तो शब्द त्यांच्या तोंडी आला की आपण माना डोलावतो. मग तो आपल्या घराला लागू होतो म्हटलं की मात्र आपल्याला शहाण्णव कुळं आठवतात.

ही ओढाताण नवी नाही आणि ती मराठ्यांनी निर्माण केली असंही नाही. त्यांना ती भोगावी लागली आहे, हे मी मानते. कलियुगात क्षत्रिय-वैश्य उरलेच नाहीत, पहिला आणि शेवटचा एवढे दोनच वर्ण शिल्लक, असं शास्त्री मंडळी शतकानुशतकं सांगत आली. म्हणजे ब्राह्मण सोडून बाकीचे सगळे शूद्र. १६७४ साली शिवाजी महाराजांसारख्या राजाला राज्याभिषेकाआधी मुंज लावून घ्यावी लागली आणि काशीहून गागाभट्टांना आणावं लागलं. त्याच गागाभट्टांचे चुलते कमलाकरभट्ट, ज्यांनी शूद्रांनी कोणता धर्म पाळावा यावर अख्खा ग्रंथ लिहिला. एका घरात शूद्रांची चौकट आखली गेली आणि त्याच घरातल्या विद्वानाने एका राजापुरतं दार उघडलं. दार राजापुरतंच उघडलं होतं. पुढे १८९९ साली कार्तिकात पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानाच्या वेळी पुरोहित वरच्या तिन्ही वर्णांसाठीचे वेदोक्त मंत्र म्हणत नाही, शूद्रांसाठीचे पुराणोक्त म्हणतोय, हे लक्षात आलं. का, तर महाराज शूद्र. गादीवर बसलेल्या छत्रपतीला त्याचा पगारी भट हे सांगू शकत होता.

इंग्रजांच्या कोर्टातही हेच. दत्तक घेताना होम लागतो की नाही, दासीपुत्राला वाटा मिळतो की नाही, हे सारं तुम्ही द्विज की शूद्र यावर ठरायचं. १९२८ साली मुंबई हायकोर्टाने मराठ्यांचे तीन भाग केले : पाच कुळं, शहाण्णव कुळं आणि बाकीचे. पहिले दोन क्षत्रिय धरले. घरातल्या भांडणांत, मयताच्या इस्टेटीवरून, सख्खा भाऊ सख्ख्या भावाला कोर्टात शूद्र ठरवायला निघालेला होता. १९५५-५६ च्या हिंदू कायद्यांनी वारसा आणि दत्तकातला हा भेद संपवला तेव्हा कुठे तो छळ थांबला.

मला सांगायचंय ते शाहू महाराजांबद्दल. त्यांना अपमान झाला आणि त्यांनी वेदोक्ताचा हक्क घेतला, एवढंच आपण भाषणांत सांगतो. पण ते तिथे थांबले नाहीत. माझ्यापुरतं दार उघडलं, आता बंद करा, असं ते म्हणाले नाहीत. २६ जुलै १९०२ ला त्यांनी मागासलेल्यांसाठी संस्थानातल्या नोकऱ्यांत निम्म्या जागा ठेवल्या. जातीजातींची वसतिगृहं काढली. १९१८ साली महार वतनं मोडली, म्हणजे वतनाच्या नावाखाली माणसाला पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवणं मोडलं. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत डॉक्टर आंबेडकरांच्या शेजारी बसून अस्पृश्यांना म्हणाले, हा तुमचा पुढारी. शाहू महाराजांची तसबीर देवळाच्या सभामंडपात आहे. तिच्याखाली बसूनच रविवारचा ठराव झाला. शंभर वर्षांपूर्वी जे त्यांनी वतन म्हणून मोडलं ते आपण परंपरा म्हणून पुन्हा बांधतोय.

आणि जोतिराव. २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज काढताना आणि त्या आधीपासूनही ते शूद्र आणि अतिशूद्र हे शब्द नेहमी जोडून वापरत. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम त्या जोडणीत आहे. कुणबी, माळी, परीट, न्हावी एकीकडे आणि महार-मांग दुसरीकडे, ही भिंत पाडल्याशिवाय कुणीच सुटत नाही, हे त्यांनी ओळखलं. हा विचार आपल्या भागाला परका नाही. बेळगावात शामराव देसाईंनी ‘राष्ट्रवीर’ हे वर्तमानपत्र चालवलं ते याच विचारावर. निपाणीत १९२५ च्या एप्रिलमध्ये बहिष्कृत वर्गाची परिषद भरली, बाबासाहेब त्यासाठी आले होते. पुढे १९४६ साली त्यांनी शूद्र मूळचे कोण याचा शोध घेणारा ग्रंथ लिहिला आणि तो जोतिरावांना अर्पण केला. शूद्र हे मूळचे क्षत्रियच होते, मुंज नाकारून त्यांना खाली ढकललं गेलं, असं त्यांचं म्हणणं. ते पटो न पटो. पण त्यातून एक दिसतं : खालचा जन्मतः खाली नव्हता, त्याला कुणीतरी खाली बसवलं.

आता आमच्या घराबद्दल. तुम्ही मनात म्हणत असाल, बाई आमच्यावर बोट दाखवतात. मी आधी आप्पांवर दाखवते. आप्पा सगळ्या गावाचे कपडे धुवायचे. बाळंतिणीचे, सुतकातले, रोग्याचे. महारवाड्यातले मात्र धुवायचे नाहीत. न्हाव्याची धोकटीही तिकडे जायची नाही. लहानपणी मी विचारलं होतं, तर आज्जी म्हणाली, “तसं केलं तर गाव आपल्या हातचं धुणं घेणार न्हाय की गं.” म्हणजे पोटाची भीती होती, खरं. पण त्या भीतीत थोडा तोराही होता. वाड्यावर मागच्या दाराने भाकरी घेणारा माणूस आपल्याहून खाली कुणीतरी आहे या समाधानावर दिवस काढायचा. उतरंडीतलं मधलं मडकं वरच्याचं ओझं सोसतं आणि खालच्यावर आपलं टाकतं. शूद्राची जागा म्हणतात ती ही. तिच्यात नुसतं सोसणं नाही, पुढे देणंही आहे. त्याची माफी मी आमच्या गल्लीतर्फे इथे मागते, कुणी सांगितलं नसताना.

आज्जी जत्रेच्या दिवसांत लक्ष्मीची गोष्ट सांगायची. ब्राह्मणाची लेक, जात लपवून लग्न केलेला नवरा, पुढे ते उघडं पडणं, तिचा संताप, जळलेलं घर. म्हणून शेवटच्या दिवशी देवी सीमेवर गेली की मांडव जाळतात. लहानपणी मला त्या आगीची मजा वाटायची. मोठेपणी कळलं की जात चोरल्याबद्दल जिवाची शिक्षा, ही त्या गोष्टीच्या पोटात बसलेली गोष्ट आहे. मी ही कथा पुसून टाका म्हणत नाही. देवी माझीही आहे, गदग्यावर बसलेली ती पाहिली की माझे डोळे भरून येतात. पण जिच्या उत्सवाच्या मुळाशीच जातीचं एवढं दुःख आहे, तिच्यासमोर आपण तरी जातीची यादी वाचू नये.

मला ज्या गोष्टींबद्दल तक्रार आहे त्या आता सरळ लिहिते.

पट्टी सगळ्यांना सारखी आहे. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराने ती दिली आहे, पावत्या आहेत. पट्टी सारखी, तर मग वर नऊ दिवसांची मजुरी फक्त काही घरांकडूनच का? माझा पुतण्या कारखान्यात रोजावर आहे. नऊ दिवस गेला नाही तर नऊ दिवसांचा पगार जातो आणि कदाचित जागाही. मानकऱ्यांच्या घरातून असा एकही रोज बुडणार नाही.

दंडाची गोष्ट गंभीर आहे. राज्यघटनेच्या कलम २३ ने बेगार आणि सक्तीची मजुरी बंद केली आहे. १९७६ च्या वेठबिगार कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय की एखाद्या जातीत जन्मला म्हणून रूढीने अंगावर आलेलं काम फुकट किंवा नाममात्र मोबदल्यावर करायला लावणं हीसुद्धा वेठबिगारीच. मला पोलिसांत जायचं नाही. एकदा गाव पोलिसांत गेलं की दोन पिढ्या बोलत नाही, हे मी पाहिलंय. पण तुमचा ठराव कुठे बसतो हे तुम्हाला माहीत असावं.

ओटी अडवण्याला तर कसलाच आधार नाही. ओटी बाई भरते. दंड पुरुषांच्या बैठकीत ठरला. माझी वहिनी, जिने त्या चादरी धुतल्या, तिची खणानारळाची ओटी कुणी परत लावणार असेल तर त्याने ती तिच्या हातातून स्वतः घेऊन दाखवावी.

कमिटीत एकवीस माणसं आहेत. एकही बाई नाही. परीट गल्ली, कुंभार गल्ली, वरची वस्ती, यांतलं कुणी नाही. ज्यांच्याबद्दल ठराव झाला त्यांना बैठकीचा निरोपही नव्हता.

रथ आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन वळतो. पायघड्या आमच्या आणि रथ आमच्या दारात नाही. वरच्या वस्तीकडे तर तो वळतही नाही. रस्ता अरुंद म्हणून सांगतात. गेल्या चार वर्षांत दोन्हीकडे सिमेंटचा रस्ता झाला आहे, त्यावरून उसाचा ट्रॅक्टर भरून जातो.

आणि एक बारीक गोष्ट, पण मला ती टोचते. दर १ नोव्हेंबरला सीमाप्रश्नाच्या काळ्या दिनाच्या फेरीला जाताना तुम्ही आमच्या गल्लीत येता, बाई, पोरांना पाठवा म्हणता. आम्ही जातो. माझे आप्पाही काळी फीत लावून जायचे. १९५६ पासून या भागातल्या प्रत्येक मराठी घराने जे सोसलं ते आम्हीही सोसलं आहे. कानडीतली नोटीस आमच्या दारालाही लागते आणि आम्हालाही वाचता येत नाही. तिथे आपण सगळे मराठी असतो. बेळगावहून परत येऊन वेशीच्या आत आलं की मी पुन्हा परटाची होते.

एका तरुण सदस्याने, जो माझा विद्यार्थी आहे, मला घरी येऊन सांगितलं, “बाई, एवढं मनाला कशाला लावून घेतासा? सेवा म्हंजे पुण्यच की.” तो मनाचा चांगला आहे, म्हणून त्याला इथेच उत्तर देते. बाळा, पुण्य असेल तर ते सगळ्यांना मिळू दे. यंदा पायघड्या तू घाल. मी तुला चादर कशी उचलायची ते शिकवते. गाडगेबाबा आमच्या जातीचे. हातात खराटा घेऊन ते गावोगाव झाडायचे. पण ते कुणाच्या ठरावाने झाडत नव्हते, आणि झाडून झाल्यावर रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारायचे. इकडे बसवण्णांच्या कल्याणात मडिवाळ माचिदेव धोबीच होते, आणि शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या वाटेने जाणाऱ्या संतांच्या, मंडळात त्यांचा शब्द मोठा होता. १ फेब्रुवारीला सरकार त्यांची जयंती करतं. सेवा आणि वेठ यांतला फरक आम्हाला शिकवायला कुणी नको, आमच्याच घरात ती शिकवण आहे.

माझ्या मागण्या अशा.

पत्रिकेतले दोन्ही रकाने काढा. यादी छापायचीच तर गल्लीनिहाय छापा, प्रत्येकाच्या पूर्ण नावाने, जातीशिवाय. आप्पा गेले, पण मागच्या सगळ्या जत्रांत ज्यांनी पायघड्या घातल्या, दिवट्या धरल्या, रथ दुरुस्त केला, वाजप वाजवलं, त्यांची नावं शोधून त्यांना पहिल्या पानावर जागा द्या. मी ती नावं गोळा करून देते.

दंडाचा आणि ओटी अडवण्याचा ठराव रद्द करा, आणि रद्द केल्याची नोंद इतिवृत्तात करा. तोंडी नको.

जे काम कसबाचं आहे, सुताराचं, कुंभाराचं, वाजंत्र्यांचं, त्याला बाजारभावाने मजुरी द्या. मांडववाल्याला देता तशी, पावती करून. जे कसबाचं नाही, पायघड्या, दिवट्या, पाणी, झाडलोट, त्यासाठी प्रत्येक गल्लीतून नावं घ्या आणि चिठ्ठ्या टाका. हक्कदार सरकारांच्या घरची चिठ्ठी निघाली तर त्यांनीही चादर उचलावी.

महाप्रसादाची एकच पंगत, येईल तो बसेल.

रथ परीट गल्लीतून आणि वरच्या वस्तीतून न्या. रस्ता मोजायला मी टेप घेऊन येते.

कमिटीत प्रत्येक गल्लीचा एक पुरुष आणि एक बाई घ्या. वरच्या वस्तीसकट.

टू-ए साठी निवेदन घेऊन बेळगावला जिल्हाधिकाऱ्यांकडे जाल तेव्हा आम्हालाही बोलवा. आम्ही आमच्या सह्या देऊ. पण गावात हे एवढं आधी करा.

तुम्ही म्हणाल, परंपरा मोडते. रथाला आता रबरी टायर आहेत. देवीच्या मिरवणुकीवर ड्रोन फिरणार आहे, त्याचे पैसे मंजूर झालेत. वार पाळण्याच्या, म्हणजे देवीच्या नावाने कामं बंद ठेवण्याच्या, दिवशी पूर्वी गावात चूल पेटत नव्हती, आता हॉटेल उघडं असतं आणि कुणी काही म्हणत नाही. ज्याची तुम्हाला अडचण होती ते तुम्ही बदललंत, आणि बरोबरच केलंत. आता ज्याची आम्हाला अडचण आहे ते बदलायला सांगतेय.

पहिला वार पुढच्या मंगळवारी पाळायचा ठरलाय. सोमवारी संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी मी देवळात येईन. बरोबर वहिनी असेल, कुंभार गल्लीतल्या दोघी आणि वरच्या वस्तीतल्या तिघी येणार म्हणाल्यात. पत्रिकेचा मसुदा आणि जुन्या सेवेकऱ्यांची जी नावं आतापर्यंत सापडली ती, अशी दोन्ही वह्यांत लिहून आणतो. आम्ही सभामंडपात बसू, पायरीवर नाही. तुम्हीही या.

आपली,
परीट गल्लीतली, याच गावच्या मराठी शाळेची निवृत्त शिक्षिका